बोटभर भोकाचं उत्पन्न

एका जंगलात एक तळं होतं. कोणतं जंगल ते विचारू नका, मुलांनो. विचारलंत तर मला सांगावं लागेल, आणि मग उद्या आपल्या सगळ्यांनाच कचेरीत बोलावणं येईल.

तळ्याला मातीचा बांध होता. हत्तींच्या पणजोबांनी तो घातला होता. पणजोबा गेले, बांध राहिला. तळ्याचं पाणी सगळ्यांनी फुकट प्यायचं, ही वहिवाटही राहिली. तळ्यात एक मगर होती. ती मधूनमधून एखाद्याला न्यायची. पण जुनी वहिवाट म्हटली की एवढं तेवढं चालायचंच.

राजा वाघ होता. सिंह नव्हता. आपल्याकडच्या जंगलात सिंह नसतो, आणि गोष्ट सांगतोय म्हणून वाटेल ते दडपून द्यायचं, हे मला पटत नाही.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. या गोष्टीत चोर नाही. तुम्ही हुशार मुलं. शेवटपर्यंत चोर शोधत बसाल आणि सापडला नाही की माझ्यावर रुसाल. इथे सगळे प्रामाणिक होते. म्हणूनच गोष्ट एवढी लांबली.

तर माघ महिन्यात बांधाला भोक पडलं. एक बोटाचं. त्यातून पाण्याची धार सुटली आणि बांधाखालच्या खडीतून वाहू लागली.

राजाने खजिनदाराला बोलावलं. खजिनदार होते साळिंदरराव. साळिंदराच्या खजिन्यात हात घालायची कोणाची छाती होत नाही, म्हणून ती जागा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरात होती. लिहायला ते स्वतःचाच काटा वापरत. काटा हिरड्याच्या शाईत बुडवायचा आणि वडाच्या वाळक्या पानावर लिहायचं. अक्षर सुरेख होतं.

"बांधाचं काय?" राजाने विचारलं.

"दुरुस्त करू, महाराज. रानडुकरं माती उकरतील, गवे दगड ओढतील. पण त्यांना महिनाभर पोसावं लागेल. बत्तीस कणग्या मोह लागेल."

"खजिन्यात किती आहे?"

"एक उंदीर आहे, महाराज. तोही कंटाळून जायच्या बेतात आहे."

तेव्हा कर बसवायचं ठरलं. घरटी एक पायली वाळवलेला मोह. नाव ठेवलं बांध-दुरुस्ती निधी. नाव ठेवायला आपल्याकडे कधी उशीर होत नाही.

साळिंदरराव पानांची चळत घेऊन दारोदार फिरले.

हत्ती म्हणाले, "बांध आमच्या पणजोबांनी घातला. वर आम्हीच कर द्यायचा?" त्यांना माफी मिळाली.

गवे म्हणाले, "दगड आम्ही ओढायचे आणि मोहही आम्हीच द्यायचा?" त्यांनाही माफी मिळाली.

माकडं म्हणाली, "घरटी कर ना? आम्हाला घर नाही. फांदी आहे, ती रोज बदलते." साळिंदररावांनी नियम तीन वेळा वाचला. फांदीचा उल्लेख कुठेच नव्हता.

मोर काही बोलला नाही. त्याने फक्त पिसारा फुलवला. साळिंदरराव पाहत राहिले आणि कर मागायचं विसरून परत आले. मगरीकडे कोणी गेलंच नाही.

उरले ससे, खारी, मुंग्या आणि टिटव्या. यांनी कर दिला. मुंग्या तर रांगेने आल्या, न बोलावता आल्या, आणि वाटेत सांडलेलंही उचलून घेऊन आल्या. सगळा मिळून तीन कणग्या मोह जमला. तो जमवणाऱ्या कारकुनांच्या जेवणावर साडेतीन कणग्या खर्च झाला. वरची अर्धी कणगी साळिंदररावांनी स्वतःच्या घरून घातली. इतके ते सज्जन होते.

त्या सुमारास तळ्यावर रोहित पक्षी उतरला होता. तो दरवर्षी थंडीत यायचा आणि उन्हाळ्यात जायचा. लांब पाय, गुलाबी अंग, आणि एका पायावर उभं राहून बोलायची सवय. त्याने देशोदेशीची तळी पाहिली होती. त्यातली बरीचशी आटली होती, पण ते त्याला कोणी विचारलं नाही.

राजाने त्याचा सल्ला घेतला.

"महाराज," रोहित म्हणाला, "तुमच्याकडे मोहाला तोटा नाही. तोटा आहे तो व्यवस्थापनाच्या गुणवत्तेचा."

"ती कुठे मिळते?"

"माझ्याकडे," रोहित म्हणाला. "गुणवत्ता दिसली की मी माझं एक पीस देतो. दोन पिसं म्हणजे चांगली. तीन पिसं म्हणजे उत्तम. तीन पिसं असलेलं जंगल मी अजून पाहिलेलं नाही."

राजा सावरून बसला. साळिंदररावांच्या अंगावर काटा आला. तो तसाही होताच, पण त्या दिवशी जास्त आला.

"लोकांच्या घरी जाऊन मागू नका," रोहित म्हणाला. "लोक जिथे आपल्या पायाने येतात, तिथे मागा." आणि त्याने आपली वाकडी चोच बांधाखाली वळवली.

तिथे काय चाललं होतं, ते सांगतो. भोकातून येणारं पाणी खडीत साचून छोटा ओढा झाला होता, आणि सगळी जनावरं तिथे प्यायला येऊ लागली होती. तिथे मगर नव्हती. सशाच्या आजीने आयुष्यात पहिल्यांदा डोळे मिटून पाणी प्यायलं होतं.

तळं फुकट, ही वहिवाट होती. पण ओढा नवा होता. त्याची वहिवाट कुठून असणार?

चार दिवसांत ओढ्याभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण झालं. एक फाटक झालं. नाक्यावर अस्वलाला बसवलं. आता अस्वलाला मोह किती प्रिय असतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं बांधलं, मळणीच्या बैलाला बांधतात तसं. अस्वलाने स्वतःच आणून दिलं. "साहेब, माझा माझ्यावर भरवसा नाही," ते म्हणालं. रोहिताने ते ऐकलं आणि तिथल्या तिथे पहिलं पीस काढून दिलं. साळिंदररावांनी ते काट्यांत खोवलं.

एका पिण्याला दोन फुलं. पान मिळायचं, त्यावर पावती असायची.

आणि बघा गंमत. ज्यांनी घरटी एक पायली द्यायला महिनाभर तोंड चुकवलं, ते दोन फुलं हसत देऊ लागले. मोहाचा हंगाम होता, फुलं पायाशी पडत होती. "दोन फुलांत मगर टळते, म्हणजे महाग नाही," ससा म्हणाला. माकडं आली. गवे आले. मोरही आला आणि त्याने पावतीवर आपलं नाव ठळक लिहायला सांगितलं. कणग्या भरू लागल्या. पहिल्या आठवड्यात सहा. दुसऱ्या आठवड्यात दहा. साळिंदररावांना आता झोप लागेना, आणि ती काळजीने नव्हे.

सगळे खूश होते. एक टिटवी सोडून.

टिटवीने बांधाच्या पायथ्याशी खडीत चार अंडी घातली होती. टिटवीचं घरटं म्हणजे काय, तर खडे जरा इकडेतिकडे सरकवायचे. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. ओढा तिच्यापासून दोन हातांवर होता. तेवढं ठीक होतं. पण ती दिवसभर तिथेच बसून असायची आणि समोर बांध असायचा. भोकाच्या कडेची माती रोज थोडी ओली होते आहे, हे तिला दिसायचं. बाकीचे पाणी प्यायचे आणि पावती घेऊन जायचे. त्यांनी वर बघायचं कारण नव्हतं.

तुम्ही म्हणाल, अंडी उचलून दुसरीकडे का नेली नाहीत? टिटवीची चोच त्या कामाची नसते, मुलांनो. तिला फक्त बसून राहता येतं आणि ओरडता येतं. आणि टिटवी ओरडली की लोक काय म्हणतात? अपशकुन. त्यातून आभाळ कोसळलं तर झेलता यावं म्हणून ती पाय वर करून झोपते, अशी तिच्या घराण्याची बदनामी. तिचं कोण ऐकणार?

एक दिवस बत्तिसावी कणगी भरली. नाक्यामागे रांगेने उभ्या असलेल्या त्या बत्तीस कणग्या टिटवीने स्वतः मोजल्या. मग ती साळिंदररावांच्या कचेरीत गेली.

"साळिंदरराव, निधी पुरा झाला."

"झाला, टिटवीबाई. तुमच्या तोंडात साखर पडो."

"मग दुरुस्ती कधी?"

साळिंदररावांनी काटा खाली ठेवला. खरं सांगतो, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून पार निघून गेला होता.

"बाई, असं बघा," ते सावकाश म्हणाले. "दुरुस्ती केली की भोक बुजणार. भोक बुजलं की ओढा बंद. ओढा बंद की नाका बंद. मग निधीत भर कुठून पडणार?"

"पण निधी भोक बुजवायलाच आहे ना?"

"हो, आहे. म्हणून तर तो जपायला हवा."

टिटवीने पुन्हा विचारलं. साळिंदररावांनी पुन्हा तेच सांगितलं, पण या वेळी समोर पान धरून. पानावर ते जास्त खरं वाटत होतं. शेवटी त्यांनी आवाज खाली आणला. "पाडव्यापासून नवं वर्ष. रोहितांनी उद्दिष्ट दुप्पट दिलं आहे. दुसरं पीस तेव्हाच मिळेल. त्यामुळे पाडव्याच्या सकाळी आपण भोक एक बोटाचं दोन बोटं करतो आहोत. तुम्ही जरा सरकून बसा."

टिटवी परत आली आणि अंड्यांवर बसली. तिने हिशोब केला. भोक दोन बोटं झालं की ओढा दोन हात रुंदावणार. म्हणजे थेट तिच्या पोटाखालून जाणार. अंड्यांना अठ्ठावीस दिवस लागतात. पाडव्याला सतरा होत होते. अकरा कमी पडत होते.

ती त्या दिवशी ओरडली नाही. ओरडून उपयोग नसतो हे कळलं की टिटवी गप्प बसते, आणि गप्प टिटवीला सगळ्यांनी जपून असावं.

पाडव्याची सकाळ झाली. नाक्यावर गुढी उभारली होती. राजा आला, रोहित आला, साळिंदरराव पीस खोवून आले. अस्वल पहार घेऊन तयार होतं. सगळी जनावरं जमली होती.

"माझा एक प्रश्न आहे," टिटवी म्हणाली.

"विचार," राजा म्हणाला. सणाच्या दिवशी राजे उदार असतात.

"भोक एक बोटाचं आहे असं पानावर लिहिलंय. एक बोट म्हणजे कुणाचं बोट?"



"माझं," साळिंदरराव म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या पंजाकडे पाहिलं. "म्हणजे, लिहिलं मी."

"मोजलं मी," अस्वल मुसक्यातून पुटपुटलं. "पण मी नखासकट मोजलं."

"माकडाचं बोट निराळं," टिटवी म्हणाली. "खारीचं निराळं. आज दोन बोटं करायची म्हणता. खारीची दोन केलीत तर भोक लहान होईल. मग उद्दिष्ट कसं गाठणार? आणि इतके दिवस कर घेतला तो कोणत्या बोटावर घेतला?"

सगळ्यांनी रोहिताकडे पाहिलं. रोहिताने उभा पाय बदलला. त्याला बोटं होती, पण त्यांच्यामध्ये कातडं होतं.

"प्रश्न गुणवत्तेचा आहे," तो म्हणाला. "ज्या भोकाचं माप नक्की नाही, त्याच्यावर कर घेता येणार नाही. घेतलात तर मला पीस परत न्यावं लागेल."

साळिंदररावांचा हात चटकन पिसावर गेला.

"मग काय करायचं?" राजाने विचारलं.

"समिती नेमायची. माप ठरेपर्यंत भोक बंद ठेवायचं."

"भोक बंद कर," राजाने अस्वलाला सांगितलं.

अस्वलाने पहार खाली ठेवली. खाली वाकून चिकट माती घेतली. एक मूठ, दोन मुठी, तीन, चार. थापली, वर पंजा फिरवला. धार थांबली.

मुलांनो, ते भोक चार मुठी मातीत बुजलं. कणगीभरही मोह लागला नाही. तिथे दीडशे जनावरं उभी होती. पण सगळी बोटाचा विचार करत होती, म्हणून मुठी कोणी मोजल्या नाहीत. टिटवीने तेवढ्या मोजल्या.

समिती बसली. सभासदांची बोटं मोजायची की सगळ्या प्रजेची, यात तीन दिवस गेले. नख धरायचं की सोडायचं, यात तीन. सापाला मत द्यायचं का, यात दोन. कारण ज्याला बोटच नाही, त्याच्याइतका तटस्थ कोण असणार? एक दिवस सुट्टीचा गेला. एक दिवस आदल्या दिवशी सुट्टी का घेतली, याच्या चौकशीत गेला. जनावरं पुन्हा तळ्यावर पाणी प्यायला जाऊ लागली. मगरीला बरं वाटलं.

टिटवी बसून होती. कोणी सरकारी कामातल्या दिरंगाईला नावं ठेवू लागलं की मला ती आठवते. त्या दिरंगाईच्या उबेला चार अंडी होती.

अकराव्या दिवशी सकाळी पहिलं अंडं तडकलं. दुपारपर्यंत चारही पिल्लं बाहेर आली. टिटवीची पिल्लं जन्मली की तासाभरात चालू लागतात, आणि हा गुण देवाने त्यांना फार विचार करून दिला असावा. टिटवी त्यांना घेऊन टेकाडावर गेली. पिल्लं करवंदीच्या जाळीत बसवली. मग ती एकटी खाली आली.

तिचं काम झालं होतं. ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण बांध तिच्या एकटीचा नव्हता, आणि तळ्याचं पाणी तिची पिल्लंही पिणार होती. म्हणून ती पुन्हा कचेरीत गेली.

"साळिंदरराव, अकरा दिवस झाले. चार मुठी मातीने थेंब गळलेला नाही. तेवढीच वरून जरा दाबून घ्या आणि राहू द्या. दुरुस्ती झालीच आहे."

साळिंदररावांनी मान वळवली. ते मूर्ख नव्हते. खिडकीतून त्यांना तो कोरडा बांध दिसत होता.

"टिटवीबाई," ते शेवटी म्हणाले, "बत्तीस कणग्यांचं काम चार मुठीत झालं, असं पानावर कसं लिहू? मग पहिली बत्तीस कोणी लिहिली, असं विचारतील."

"कोणी लिहिली?"

"मीच," साळिंदरराव म्हणाले, आणि त्यांनी दुसरं पान पुढे ओढलं.

त्याच दिवशी दुपारी समितीचा निर्णय आला. जंगलाचं प्रमाण बोट म्हणजे हत्तीचं बोट. कारणं दोन. बांध त्यांच्या पणजोबांचा, म्हणून हा मान त्यांचा. आणि बोट जितकं मोठं, तितकं उद्दिष्ट जवळ. रोहिताने दोन्ही पाय जमिनीवर टेकले. तो खूश झाला की असं करायचा. त्याने दुसरं पीस दिलं.

थोरल्या हत्तिणीला बोलावलं. ती बिचारी नम्र होती.

"मला बोटं दिसत नाहीत, बाबांनो," ती म्हणाली. "पायाला नखं तेवढी आहेत."

"नखाच्या मागे बोट असणारच," साळिंदरराव म्हणाले. "तुम्ही पाय नुसता बांधाला लावा. आम्ही खूण करून घेतो. एकच बोट बस. दोन बोटांचं पुढच्या वर्षी बघू."

टिटवी बांधावरून घिरट्या घालत ओरडू लागली. आता मात्र ती पूर्ण आवाजात ओरडली.

"शुभकार्याच्या वेळी हिला हाकला कोणी तरी," मोर म्हणाला.

हत्तिणीने पाय लावला. अस्वलाने लावलेली चार मुठी माती आत गेली. मग पाऊल आत गेलं. मग गुडघा. "बोट सापडलं का?" ती विचारत होती, तोवर तिच्या दोन्ही बाजूंनी पणजोबांचा बांध खचला.

घाबरू नका, कोणी वाहून गेलं नाही. त्या ओरडण्याने बरेचजण आधीच वैतागून लांब सरकले होते, म्हणून वाचले. हत्तीण उभी राहिली, पाणी तिच्या दोन्ही अंगांनी गेलं. नाका गेला, फाटक गेलं, गुढी गेली. टिटवीचे खडे गेले. बत्तीस कणग्या एकामागून एक तरंगत निघाल्या, अगदी रांगेने. संध्याकाळपर्यंत तळ्यात चिखल उरला आणि चिखलात मगर. ती इकडेतिकडे पाहत बाहेर आली आणि सशाला नदीची वाट विचारू लागली. सशाने ती लांबूनच सांगितली.

राजा काठावर आला. "बांधाचं काय झालं?" त्याने विचारलं. त्याला तेवढाच प्रश्न येत होता, आणि खरं म्हणजे तोच प्रश्न बरोबर होता.

साळिंदररावांनी भिजलेलं पान वाचून दाखवलं. "महाराज, आज एका दिवसात नाक्यावरून जेवढं पाणी गेलं, तेवढं आजपर्यंत कधीच गेलेलं नाही. उद्दिष्ट बावीस पटींनी पार पडलं आहे."

रोहित पक्षी उडायच्या तयारीत होता. पाणीच नाही म्हटल्यावर तो थांबणार कशाला? पण दिलेल्या शब्दाला तो पक्का होता. जाताजाता वरून तिसरं पीस सोडून गेला. ते चिखलात पडलं. साळिंदररावांनी ते धुवायला पाणी शोधलं.

कणग्यांचं काय झालं? त्या खालच्या खड्ड्यात जाऊन अडकल्या. भिजलेला मोह उन्हात आठवडाभर पडला की त्याचं काय होतं, ते तुमच्या वडीलमाणसांना विचारा. मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की अस्वलाने मुसकं काढून फेकलं. मग तीन दिवस सगळं जंगल त्या खड्ड्याभोवती गात होतं. त्या जंगलात करदात्यांना कर परत मिळाल्याची ती एकच नोंद आहे.

मग चैत्र संपला आणि वैशाख लागला. आता पाणी दोन कोसांवर, नदीला. हत्ती, गवे जाऊन आले. माकडं झाडांवरून गेली. लहान पायांच्या सगळ्यांना ते दोन कोस जमले नाहीत. सशाची आजी अर्ध्या वाटेवर सावलीत बसली ती उठली नाही. ही गोष्ट मी तुम्हाला हसायला सांगतो आहे, पण इथे मला हसू येत नाही, म्हणून तुम्हीही जरा थांबा.

हं. आता पुढे.

एका सकाळी साळिंदरराव टेकाड चढून टिटवीकडे आले. काट्यांत तीन गुलाबी पिसं होती. ती उन्हाने विटली होती. चारही पिल्लं आता टणाटण उड्या मारत होती. साळिंदररावांनी ती मोजली.

"चार नवे करदाते," ते म्हणाले. "नवा बांध घालायचा आहे, बाई. घरटी कर पुन्हा बसवला आहे. हत्ती, गवे, माकडं, मोर यांना पूर्वीसारखीच माफी. तुमच्याकडून काही तरी हवं."

"द्यायचंच आहे," टिटवी म्हणाली. "मी काय नाही म्हटलंय का कधी?"

साळिंदररावांनी काटा शाईत बुडवला. मग तो तसाच धरून ते उभे राहिले. आजूबाजूला कोणी नाही, हे त्यांनी पाहून घेतलं.

"टिटवीबाई, तुम्ही मोजलं होतंत ना? त्या पाडव्याला अस्वलाने माती किती लावली होती?"

"चार मुठी."

"नक्की चारच?"

"चारच, साळिंदरराव."

साळिंदरराव खाली रिकाम्या तळ्याकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना वाईट म्हटलेलं नाही, हे लक्षात असू द्या. मग त्यांनी पान मांडीवर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा खरा आकडा लिहायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि सुरेख अक्षरात लिहिलं: 'चार'.

टिटवी मान वाकडी करून बघत होती.

काटा पानावर क्षणभर थांबला. पण हाताला इतक्या वर्षांचं वळण होतं. त्याने पुढचा शब्द आपला आपणच लिहिला: 'कणग्या'.

साळिंदररावांनी ते वाचलं, फुंकर घालून वाळवलं, आणि टिटवीला पावती दिली.

तात्पर्य : थेंबे थेंबे तळे साचे, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. पण गुणवत्ता असेल तर थेंबे थेंबे तळं रिकामंही होतं, आणि प्रत्येक थेंबाची पावती मिळते. म्हणून भोक लहान असताना बुजवायची घाई कधी करू नये. आधी त्याचं उत्पन्न बघावं. आणि माती लावायचीच झाली तर बोटं मोजणाऱ्यांच्या गर्दीत लावावी, म्हणजे मुठी कोणी मोजणार नाही.